पाणीपांडे येईपर्यंत

सम्यक सकाळी डबा विसरून गेला, म्हणून सुलेखानं तो आपल्या पिशवीत टाकला. सुरुवात झाली ती एवढ्या साध्या गोष्टीवरून.

सुलेखा मगरे मुकुंदवाडीला राहायची आणि छावणीत कामाला जायची. तिथं एका मिलिटरी टेलरच्या दुकानात तिचं मशीन होतं. जवानांच्या छातीवर नावाची पट्टी असते ना, ती पट्टी भरायचं तिचं काम. दिवसभर डोळ्यांपुढं आडनावंच आडनावं. राणे झाला की थापा, थापा झाला की यादव. नवरा कोरोनात गेलेला. घरात ती, म्हातारा सासरा कडुबा आणि एकुलता एक सम्यक. पोरगं बी.ए. होऊन घरी बसलं होतं, आणि शेवटी नोकरी लागली ती वॉचमनची, छावणीच्या मागं, जुन्या रेल्वे हॉल्टवर. तिच्या दुकानापासून काही लांब नाही. दुपारच्या सुट्टीत डबा देऊन येऊ म्हणून ती निघाली.

या हॉल्टचं आधी सांगून टाकायला हवं. निजामाच्या राज्यात मनमाडकडून छोटी लाईन आली, तेव्हा छावणीसाठी गावाबाहेर हा थांबा केला होता. तुमच्याआमच्यासाठी नव्हताच तो. तिथं घोडे उतरायचे, गवताच्या पेंढ्या उतरायच्या, तोफा उतरायच्या, आणि पलटणी चढायच्या. एक लांब दगडी फलाट, एक पत्र्याची शेड, घोड्यांना पाणी पाजायचा हौद, झालं स्टेशन. पुढं रूळ रुंद झाले, गाड्या दुसरीकडून धावू लागल्या, आणि हॉल्टवर बाभळी माजल्या. एक मालडबा तिथंच गंजत राहिला, तो भंगारवाल्यांनीसुद्धा नेला नाही. कितीतरी वर्षं तिकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. मग कुठल्याशा कंपनीच्या ध्यानात आलं की जुन्या वस्तूंना हल्ली भाव आहे. दगड घासले, शेडला रंग दिला, डब्याच्या दाराला तेलपाणी केलं. त्या डब्यात टेबलं मांडून कॉफी विकायची, असा बेत होता.

दाराशी इतिहासाचा मोठा फलक लावला होता. सुलेखानं तो वाचला. फलकावर घोड्यांचा हौद होता, तोफा होत्या, कर्नल होते. घोड्यांना गोडं पाणी मिळावं म्हणून किती लांबून नळ आणला होता तेसुद्धा होतं. पुढं शेडच्या टोकाला दोन नवेकोरे रांजण मांडलेले, आणि त्यांच्यावरच्या पाट्यांवर ताज्या पांढऱ्या रंगात लिहिलेलं, ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’. पूर्वीच्या स्टेशनांवर तसंच असायचं म्हणे. लोकांना फोटो काढायला बरं.

सुलेखाचं डोकंच सणकलं. आमचा रांजण कुठाय रे? तिसरा रांजण नव्हता. पूर्वीही नसायचा. तेवढं मात्र या लोकांनी अगदी बरोबर जपलं होतं.

सम्यक मालडब्याच्या सावलीला मांडी घालून बसला होता. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, पंगतीत वाढपी यायची वाट बघत बसावं तसा. शेजारी सकाळी भरून नेलेली पाण्याची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. ओठ फुटून त्यांच्यावर सालपटं आली होती.

“काय रे, पाणी काहून पिला नाहीस?”

“पितो ना.” त्यानं बाटली उघडली, तोंडापर्यंत नेली. मग त्यानं शेडकडं बघितलं, कुणीतरी काही सांगावं आणि आपण मानावं तशी मान हलवली, आणि बाटलीचं झाकण परत लावलं. “पितो आई. थोडं थांबू.”

“कशाला थांबायचं?”

“येतोय ना तो.”

“कोण?”

सम्यक गोंधळून तिच्याकडं बघत राहिला. “कोण?” त्यानंच उलट विचारलं.

तेवढ्यात कंपनीचा सुपरवायझर इंद्रजीत आला. गोरागोमटा, गॉगल लावलेला, बोलायला गोड. “काय शिंदे, डबा आला वाटतं!” म्हणून हसला आणि निघून गेला.

“शिंदे कोण?” सुलेखानं विचारलं.

सम्यकनं मान खाली घातली. मग हळूहळू बाहेर आलं ते असं. इंद्रजीतनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘सरनेम काय? आपल्यातलाच ना तू? आधीचा पोरगा त्यांच्यातला निघाला, इथं पाण्याबिण्याला हात लागतो, बरं वाटत नाही.’ आणि सम्यक म्हणाला होता, ‘शिंदे. आपल्यातलाच.’ आधारकार्ड नंतर आणतो म्हणाला, आणि ते नंतर काही आलं नाही.

“अरे लाज नाय वाटली?” सुलेखाच्या अंगाची लाही झाली. “ज्या घरानं बाबासाहेबांच्या मागं जाऊन दीक्षा घेतली, त्या घरातला तू! नाव चोरून नोकरी करतोस? मी इथं लोकांची नावं छातीवर शिवते, आणि माझंच पोरगं आपलं नाव खिशात लपवतंय?”

“चार ठिकाणी खरं सांगून बघितलं आई,” तो एवढंच म्हणाला. त्याचा आवाज वाळल्या पाचोळ्यासारखा येत होता.

ती पाय आपटत परत गेली. रागाच्या भरात बाटलीचं विसरली. संध्याकाळी घरी आला तेव्हा तिनं लिंबाचं सरबत पुढं ठेवलं. त्यानं ग्लास उचलला, ओठांशी नेला, कान देऊन काहीतरी ऐकलं, आणि अदबीनं ग्लास खाली ठेवला. ताक दिलं, तेच. उसाचा रस आणला, तेच. नाक दाबून चमच्यानं पाजायला गेली तर दात घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांत पाणी. पोराला प्यायचं होतं हो! तहानेनं जीव व्याकूळ झालेला दिसत होता. पण कुणीतरी त्याला थांबायला सांगत होतं, आणि तो थांबत होता.

दुसऱ्या दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात भरती केलं. दोन दिवस सगळ्या तपासण्या झाल्या, घसा चांगला, पोट चांगलं. सलाईन लावलं तर सुई शिरेत राहीना. या हाताला लावली, त्या हाताला लावली, पायाला लावली, आणि दर वेळी पाणी बाहेर येऊन गादी भिजायची. नाकातून नळी घालायला गेले तर नळी तोंडात गोळा होऊन यायची. डॉक्टरीणबाई तरुण होती, तिच्या कपाळाला घाम आला. “असा पेशंट मी बघितला नाही,” ती सुलेखाला बाजूला घेऊन म्हणाली, “पण किडन्या आता दमल्यात. आज काहीतरी पोटात गेलं पाहिजे. नाहीतर उद्याचं मी सांगू शकत नाही.”

शेजारची रूपा भेटायला आली होती. तिनं दबक्या आवाजात सुचवलं की एक बाबा आहेत, उतारा देतात. सुलेखा तिच्यावर अशी खेकसली की वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. “बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर हाय आमचं! भूत नाय, उतारा नाय, काही नाय! परत असलं काही बोललीस तर याद राख.” सुलेखाला रडू येत होतं, आणि तिची गोष्ट अशी होती की रडू यायला लागलं की ती भांडायची.

कडुबा नातवाच्या पायाशी बसून होता. पंच्याऐंशीच्या घरातला म्हातारा, रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढलेला. तो पोराच्या तळव्यांना ओलं फडकं लावत होता. तेव्हा सम्यक डोळे मिटल्या मिटल्या बोलला. आवाज खोल होता, पण शब्द स्पष्ट होते.

“व्हय... थांबतो... पांडे येतोय म्हणता ना... थांबतो.”

कडुबाच्या हातातलं फडकं खाली पडलं.

“बाबा?” सुलेखा म्हणाली. “काय झालं? कोण पांडे?”

म्हातारा उठून व्हरांड्यात गेला. ती मागं गेली. तो भिंतीला टेकला होता.

“पाणीपांडे,” तो म्हणाला. “जुन्या काळी ठेसनावर पाणी पाजायला बामण ठेवायचे. त्याच्या हातचं समद्यांना चालायचं. त्याला म्हणायचे पाणीपांडे.”

“मग सम्यकला काय ठाऊक त्याचं?”

“सम्यक नाय बोलला ते,” कडुबा म्हणाला. “माझ्या बाला कुणीतरी जाब दिला.”

आणि मग त्यानं सांगितलं. आजवर पोटात ठेवलेलं, बायकोला नाही, मुलाला नाही, कुणालाच न सांगितलेलं.

त्याचा बाप कचरू त्या हॉल्टवर सांधेवाला होता. रूळ बदलायचा, कंदील लावायचा. कामाला चालायचा, पण रांजणाजवळ फिरकायची सोय नव्हती. त्याचं स्वतःचं मडकं बाभळीखाली असायचं, चिंधी गुंडाळलेलं. तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. खंदक खणायला, सडका बांधायला खेड्यापाड्यांतून माणसं भरती करून न्यायचे. आज तिथं उभा आहे त्याच मालडब्यात भरून माणसं आली, देवगाव रंगारीकडची, पाचोडकडची. वाटेत एकदोघं पळाले म्हणून कुणा गोऱ्या सार्जंटनं बाहेरून कुलूप घातलं होतं. डबा हॉल्टवर सोडून इंजिन पुढं गेलं. सार्जंट किल्ली घेऊन छावणीत जेवायला गेला. पाणीपांडे घरी जाऊन झोपला होता. मे महिना, भर दुपार, आणि लोखंडी डबा.

“आतून पाणी मागाय लागले,” कडुबा म्हणाला. “बा धावत गेला. दाराला बोटभर फट व्हती. बानं इचारलं, कोण तुम्ही? कोणच्या जातीचे?”

“हे विचारायची वेळ होती ती?” सुलेखा ओरडली.

“तवा इचारावंच लागायचं, पोरी. आपल्या हातचं वरच्या जातीला पाजलं आन्‌ कळलं, तर पाठीची सालटं निघायची. आन्‌ त्याच्या मनालाच ते पाप वाटायचं, हे बी खरं हाय.” म्हातारा पुढं सांगू लागला. “आतले म्हणाले, आम्ही मराठे. बा म्हणाला, मंग मालक, माझ्या हातचं कसं देऊ? थांबा, पांडे येतोय. ते बोंबलत व्हते, आन्‌ बा हात जोडून सांगत व्हता, थांबा मालक, पांडे येतोय.”

“आणि पांडे?”

“उन्हं कलल्यावर आला. तवर आत आवाज व्हायचा थांबला व्हता. सार्जंटनं दार उघडलं. दोघं-तिघं धुगधुगी धरून व्हते. त्यांनी सांगितलं. मागल्या ठेसनावर यांनी खरी जात सांगितली, तर तिथला पांडे घागर घेऊन डब्यावरून तसाच पुढं गेला. म्हणून इथं खोटं बोलायचं ठरवलं.” कडुबानं तिच्याकडं बघितलं. “समदे आपल्यातलेच व्हते, सुलेखा. समदे. खरं बोलले असते तर बा आपलं मडकं त्या फटीतून ओतून मोकळा झाला असता. मडकं भरलेलं व्हतं, दहा पावलांवर. आन्‌ त्या डब्यात माझा मामा व्हता, माझ्या मायचा सख्खा भाऊ. घसा वाळून गेलेला, बाला त्याचा आवाज वळखू आला नाय. माय मरंस्तोवर बाशी बोलली नाय.”

सुलेखाला चटकन सगळं जुळलं, आणि जुळलं तशी ती भीतीनं नाही, संतापानं कापायला लागली. सम्यकनं त्या फलाटावर उभं राहून सांगितलं होतं, मी शिंदे, मी वरच्यातला. कुणीतरी ते ऐकलं होतं. कुणीतरी भोळेपणानं, भीतीनं, अदबीनं त्याला पाणी द्यायचं नाकारत होतं. तिच्या पोराचा जीव चालला होता तो कुणाच्या वैरानं नाही, तर स्वतःच्याच पणजाच्या अदबीनं!

“इतकी वर्षं गप्प बसलात,” ती सासऱ्याला म्हणाली. “आणि पोरगं तिथं नोकरीला जातंय म्हणाल्यावर सुद्धा!”

“मला वाटलं, संपलं असंल,” म्हातारा म्हणाला.

ती चपला पायात अडकवून निघाली.

हॉल्टवर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सावली अशी कुठं नव्हतीच. इंद्रजीत डब्याच्या दाराला कुलूप लावून किल्ल्या खिशात टाकत होता. “अहो शिंदेबाई, सम्यक तीन दिवस नाही, फोन नाही...” त्यानं सुरुवात केली.

“शिंदे नाय, मगरे!” सुलेखा त्याच्या तोंडावर म्हणाली. “मुकुंदवाडीचे मगरे. बौद्ध. खोटं बोललं माझं पोरगं, कारण तुम्ही तसं बोलायला लावलं. काढून टाका नोकरीवरून. पण आधी बाजूला व्हा.”

इंद्रजीत काही बोलणार, तोच तिनं हात वर करून त्याला गप्प केलं. तिला ऐकू आलं होतं.

फलाटाच्या टोकाला, जिथं बाभळी अजून तोडल्या नव्हत्या, तिथून आवाज येत होता. म्हाताऱ्या माणसाचा नाही, भर तिशीतल्या माणसाचा. घाबरलेला, विनवणीचा.

“थांबा मालक... येतोय... पांडे येतोय...”

वारा पडलेला होता. तापलेल्या पत्र्याचा कट्‌कट्‌ आवाज तेवढा येत होता, आणि कुठूनसा दगडी कोळशाचा वास. इंद्रजीतनं आजूबाजूला बघितलं. त्यालाही ऐकू आलं असावं, कारण तो दोन पावलं मागं सरकला.

सुलेखाच्या अंगावर काटा आला, नाही असं नाही. पण राग तिच्या भीतीच्या चार पावलं पुढं होता. ती बाभळीकडं तोंड करून, कंबरेवर हात ठेवून, नळावर भांडतात त्या आवाजात बोलायला लागली.

“कोण मालक? कुणाला मालक म्हणतोस रे कचरू? वयानं मोठा हायस, पण आज मी अहोजाहो करायची नाय! दवाखान्यात पडलंय ते तुझं रगत हाय. कडुबाचा नातू! तुझ्या पोराच्या पोराचं पोर! शिंदे नाय तो, मगरे हाय, मगरे! ज्यांना तू हात जोडत व्हतास ना, ते बी मराठे नव्हते. आपल्यातलेच व्हते समदे. ऐकलंस? आता पाणी दे माझ्या पोराला. कुणाची वाट बघू नको. पांडे मेला. पांड्याची नोकरी मेली. ते दिवस मेले. दे पाणी!”

आवाज थांबला.

मग अगदी जवळून, तिच्या खांद्याशी उभं राहून कुणी बोलावं तसा, भांबावलेला आवाज आला.

“आपला हाय...? मग... मग पाणी हाय की माझ्यापाशी...”

आणि चिंधीतून पाणी निथळावं तसा आवाज झाला, आणि तो दूर दूर, शहराच्या दिशेनं गेला. सुलेखानं खाली बघितलं. तिच्या पदरावर ओले थेंब पडले होते, आणि उन्हात ते बघता बघता वाळले.

तिला वाटलं, संपलं.

तेव्हा मालडब्याच्या आतून कुणीतरी हळूच विचारलं.

“दाजी...?”

इंद्रजीतच्या तोंडातून चमत्कारिक आवाज निघाला. “आत कुणी नाही,” तो म्हणाला. “मी आत्ताच बघून कुलूप लावलं... आत टेबलं आहेत नुसती...”

“दाजी...” डब्यातला आवाज म्हणाला. घसा असा वाळलेला की शब्द सोलून निघत होते. “तुम्ही व्हता...? बाहेर... तुम्हीच व्हता...?”

कचरू तिथं उरला नव्हता.

मग आतून दुसरा कुणी बोलला. मग तिसरा. मग सगळे एकदम, आणि त्यात शब्द नव्हते. लोखंडावर तळहात पडायला लागले. डबा जागच्या जागी हलायला लागला. नवा रंग दिलेल्या पत्र्याचे पोपडे उडाले. इतकी वर्षं ते आत गप्प बसले होते, बाहेर परका उभा आहे अशा समजुतीत. परक्यानं पाणी दिलं नाही, त्यात नवल ते काय? बाहेरचाही आपलाच होता, हे आज त्यांना कळलं होतं. आणि ते कळवलं होतं सुलेखानं, ओरडून, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं.

शहाणी बाई असती तर पळाली असती. पण सुलेखाला त्या क्षणी एकच दिसलं की माणसं आत आहेत आणि बाहेरून कुलूप आहे. “किल्ली द्या,” ती म्हणाली.

“बाई, वेड लागलंय का...”

“किल्ली द्या म्हणते ना! अजून किती वेळ कोंडून ठेवणार त्यांना? कॉफी विकणार काय त्यांच्या मढ्यावर?” तिनं त्याच्या खिशातून जुडगा हिसकला. कुलूप तापून लाल झालं होतं, बोटं भाजली. तिनं फिरवलं आणि अंगाचा सगळा जोर लावून दार सरकवलं.

आत टेबलं होती. खुर्च्या होत्या. भिंतीवर घोड्याचं चित्र होतं.

भट्टीचं तोंड उघडावं तशी वाफ बाहेर आली, घामाचा, मुताचा, कोळशाचा वास घेऊन. ती सुलेखाच्या दोन्ही बाजूंनी गेली. खांद्याला खांदे घासत गेले. संपतच नव्हते. तिनं डोळे मिटून घेतले आणि दाराची कड धरून ती उभी राहिली. इंद्रजीत पळत सुटला तो थेट सडकेला लागला. नोकरी सोडून तो गावी गेला, असं पुढं कानावर आलं.

फोन वाजला. कडुबा होता, रडत होता. “पिला, सुलेखा... पोरानं पाणी पिलं. आपसूक पिलं. ग्लास नव्हता, काय नव्हतं, वंजळ धरली आन्‌... वंजळीतून सांडत व्हतं बघ... समदी गादी भिजली.”

ती तिथंच जमिनीवर बसून हमसाहमशी रडली.

सम्यक घरी आला. गालावर पुन्हा मांस चढायला लागलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. सुलेखानं त्याच्या प्रत्येक शर्टावर, घरात घालायच्या बनियनवरसुद्धा, मगरे अशी पट्टी शिवून टाकली. तो हसला, पण त्यानं काढली नाही. आता पोरगं कुणापुढं नाव चोरणार नव्हतं, आणि सुलेखाला तेवढं पुरे होतं. आपल्या शहरात नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. एके सकाळी ते आलं. तिनं ड्रम भरला, टाकी भरली, बादल्या, घागरी, पातेली, घरातलं सगळं भरून ठेवलं. आता पुढचे आठ दिवस निश्चिंती.

दुपारी ती भाकरी टाकत होती. कडुबा आत लवंडला होता. दारावर थाप पडली. पुऱ्या तळहाताची.

“कोण?” तिनं चुलीपासूनच विचारलं.

“आपल्यातलेच, बाई,” बाहेरून उत्तर आलं. “आता खोटं नाय बोलत.”

तिची भाकरी तव्यावर तशीच राहिली. सम्यक उठला होता. तिनं नको म्हणायच्या आत त्यानं माठातून तांब्या भरून घेतला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दाराशी पाहुणे आले की चेहऱ्यावर जे येतं तेच होतं. त्यानं कडी काढली आणि दार सताड उघडलं.

गल्लीत पांढरंफटक ऊन. चिटपाखरू नाही. निदान सुलेखाला दिसलं नाही. ती धावत येऊन त्याच्या पाठीमागं उभी राहिली, त्याचा दंड घट्ट धरला. सम्यक उंबऱ्यासमोर बघत नव्हता. त्याची नजर घरासमोरून निघाली, गल्लीच्या कडेकडेनं हळूहळू सरकत गेली, रूपाच्या घरापुढून, पिंपळाच्या पारापुढून, थेट मुकुंदवाडी स्टेशनाकडं वळणाऱ्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथंही थांबली नाही.

“आई,” तो म्हणाला, “एक तांब्या नाय पुरायचा.”